लाखोंचा मोर्चा आणि तीन मते

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने प्रश्न विचारला. म्हणाला, "दादा, आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो, कलेक्टर कचेरीसमोर दिवसभर उन्हात बसतो. एवढी माणसे जमतात, पण वर बसलेल्यांवर काडीचा परिणाम होत नाही. मग या लोकमताला अर्थ तरी काय?" वर्गात लगेच दोन तट पडले. काही म्हणाले, रस्ता हीच आपली ताकद. काही म्हणाले, रस्त्यावर काही मिळत नाही, सत्तेच्या वळचणीला गेल्याशिवाय कामे होत नाहीत. मला दोन्ही उत्तरे अर्धवट वाटली. म्हणून त्या दिवशी मी त्यांना २००३ सालची गोष्ट सांगितली. तीच इथे सविस्तर लिहीत आहे.

अमेरिकेला सद्दाम हुसेनच्या इराकवर हल्ला करायचा होता. एकट्याने गेलो तर जगात नाचक्की होईल, म्हणून तिला मित्रदेश सोबत हवे होते. कुणाचे सैनिक हवे होते, कुणाची जमीन, कुणाचा नुसता पाठिंबा. म्हणजे एकाच वेळी, एकाच देशाने, अनेक देशांना एकच प्रश्न विचारला: दुसऱ्याच्या युद्धात तुम्ही उतरणार का? ब्रिटन, तुर्कस्तान आणि स्पेन या तिन्ही देशांतल्या बहुसंख्य लोकांना संयुक्त राष्ट्रांच्या मंजुरीशिवायचे हे युद्ध नको होते. लोकांचे उत्तर जवळपास एकच होते, पण निकाल वेगवेगळे लागले. असे का झाले, हे समजून घेण्यात आपल्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

लंडन: माणसे मोजली, मते मोजली नाहीत

१५ फेब्रुवारी २००३, शनिवार. लंडनच्या रस्त्यांवर माणसांचा महापूर आला. पोलिसांचा अंदाज साडेसात लाखांचा, आयोजकांचा वीस लाखांपर्यंतचा. कुठलाही आकडा धरा, ब्रिटनच्या इतिहासात एवढे मोठे निदर्शन झाले नव्हते. त्याच दिवशी जगभरातल्या सुमारे ६०० शहरांत माणसे रस्त्यावर उतरली. रोम, माद्रिद, बार्सिलोना ही शहरे अक्षरशः थांबली.

या माणसांवर बॉम्ब पडणार नव्हते. बॉम्ब बगदादवर आणि बसऱ्यावर पडणार होते. तरीही ती कडाक्याच्या थंडीत पोरांना खांद्यावर घेऊन चालली. इथे मला बाबासाहेबांचे २२ डिसेंबर १९५२ चे पुण्यातले भाषण आठवते. लोकशाही यशस्वी होण्यासाठी कोणत्या गोष्टी आधी असाव्या लागतात, हा त्या भाषणाचा विषय. त्यातली एक अट त्यांनी सांगितली ती लोकविवेकाची. अन्याय कुणावरही होवो, तो पाहून ज्याच्यावर झाला नाही तोही पेटून उठला पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांसाठी झगडणाऱ्या एका गोऱ्या धर्मोपदेशकाचे उदाहरण त्यांनी दिले आणि अस्पृश्यांच्या बाजूने स्पृश्य समाजातून असे कुणी का उठत नाही, असा सवाल केला. त्या अर्थाने १५ फेब्रुवारीचा मोर्चा हा लोकविवेकाचाच मोर्चा होता.

पण विवेक जागा झाला म्हणून युद्ध थांबले का? नाही.

पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी आठ महिने आधीच, २८ जुलै २००२ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना चिठ्ठी लिहून काहीही झाले तरी मी तुमच्या सोबत असेन, असे कळवून टाकले होते. ही चिठ्ठी जनतेला वाचायला मिळाली २०१६ साली, चिलकॉट चौकशीचा अहवाल आला तेव्हा. म्हणजे लोक रस्त्यावर ज्या प्रश्नाचे उत्तर देत होते, त्याचे उत्तर त्यांच्या वतीने आधीच दिले गेले होते.

१७ मार्चला ज्येष्ठ मंत्री रॉबिन कुक यांनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी पार्लमेंटमध्ये मतदान झाले. सत्ताधारी मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी बंड केले. कुठल्याही सरकारला घाम फुटावा असा तो आकडा. तरी ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी मंजूर झाला. कसा? मुख्य विरोधी पक्ष असलेला हुजूर पक्ष सरकारच्या बाजूने उभा राहिला. पुण्याच्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी आणखी एक अट सांगितली होती: विरोधी पक्ष. सत्ताधाऱ्याला जाब विचारणारा कुणी समोर नसेल तर पार्लमेंटची इमारत उभी राहते, पण लोकशाही बसते. युद्धाच्या प्रश्नावर ब्रिटनचे दोन्ही मोठे पक्ष एका बाजूला आणि लाखो लोक दुसऱ्या बाजूला, असे चित्र उभे राहिले.

आणखी एक गोष्ट. हे मतदान घेणे सरकारवर बंधनकारकच नव्हते. ब्रिटनमध्ये युद्ध पुकारण्याचा अधिकार राजाचा विशेषाधिकार मानला जातो आणि प्रत्यक्षात तो पंतप्रधान वापरतो. मतदान घेतले ती मेहेरबानी होती. मेहेरबानीवर मिळालेली गोष्ट हक्क होत नाही, हे आपल्याइतके कुणाला कळते?

आता आपल्याच बाजूची एक कडवट गोष्ट. लढाई सुरू होण्याच्या तोंडावर झालेल्या आयसीएमच्या जनमत चाचणीत युद्धाला पाठिंबा होता ३८ टक्के. पहिल्या गोळ्या झडल्या आणि आठवडाभरात तो ५४ टक्क्यांवर गेला. आपली पोरे तिकडे लढत आहेत, आता मागे कसे हटायचे, अशी भावना. २०१५ साली यूगव्ह या संस्थेने लोकांना विचारले, तेव्हा तुमचे मत काय होते? फक्त ३७ टक्के म्हणाले, आम्हाला युद्ध बरोबर वाटत होते. प्रत्यक्षात २००३ सालच्या चाचण्यांमध्ये सरासरी ५४ टक्क्यांनी ते बरोबर म्हटले होते. ज्या महासंहारक शस्त्रांच्या नावाने हल्ला केला ती सापडली नाहीत, १७९ ब्रिटिश सैनिक मेले, आणि इराकमध्ये नोंद झालेल्या नागरी मृत्यूंचा आकडाच लाखाच्या वर गेला. त्यानंतर लोकांनी आपली आठवणसुद्धा बदलून घेतली. लोकमत असे वाऱ्यासारखे फिरते. त्याला धरून ठेवणारे काहीतरी लागते.

अंकारा: तीन मतांची किंमत

तुर्कस्तानात १ मार्च २००३ रोजी काय झाले ते पाहा. अमेरिकेला इराकवर उत्तरेकडूनही चाल करायची होती. त्यासाठी तुर्की भूमीवर सुमारे ६२,००० अमेरिकी सैनिक उतरवायचे होते. बदल्यात सहा अब्ज डॉलरचे अनुदान आणि त्यावर मोठाली कर्जे देऊ केली होती. तुर्कस्तान दोन वर्षांपूर्वीच्या आर्थिक संकटातून नुकता सावरत होता, त्यामुळे हा मोह लहान नव्हता. अमेरिकी जहाजे रणगाडे घेऊन किनाऱ्याजवळ येऊन थांबलीही होती.

तुर्की जनतेतले दहापैकी नऊ लोक युद्धाच्या विरोधात होते. मतदानाच्या दिवशी अंकाऱ्यात हजारोंची निदर्शने चालू होती. इथवर लंडनचीच पुनरावृत्ती वाटते. फरक पडला तो तुर्कस्तानच्या राज्यघटनेतल्या दोन कलमांमुळे. कलम ९२ सांगते की परदेशात सैन्य पाठवायचे असेल किंवा परक्या सैन्याला देशात येऊ द्यायचे असेल तर संसदेची परवानगी लागते. कलम ९६ सांगते की निर्णयाला हजर सदस्यांचे निर्विवाद बहुमत हवे.

मतदान झाले. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. पहिल्यांदा सगळ्यांना वाटले, ठराव मंजूर झाला. मग कुणीतरी नियम पुढे केला. हजर सदस्य ५३३, बहुमताला हवीत २६७. तीन मते कमी! ठराव पडला. सत्ताधारी पक्षाकडे प्रचंड बहुमत होते, पण त्याने पक्षादेश काढला नव्हता आणि त्याच्याच जवळपास शंभर खासदारांनी ठरावाला साथ दिली नव्हती. रणगाडे घेऊन थांबलेल्या जहाजांना सुएझ कालव्यातून वळसा घालून कुवेतकडे जावे लागले.

रस्त्यावरच्या गर्दीची तुलना केली तर लंडन कितीतरी मोठे. पण लंडनच्या लाखोंना जे जमले नाही ते अंकाऱ्यात तीन मतांच्या फरकाने झाले. कारण तिथे लोकमताचा दाब खासदाराच्या हातापर्यंत पोचत होता, आणि तो हात ज्या ठिकाणी वर होणार होता ती जागा घटनेने बंधनकारक केली होती. त्याच तुर्की संसदेने पुढे २० मार्चला अमेरिकी विमानांना आकाश वापरू दिले आणि ऑक्टोबरमध्ये सैन्य पाठवायलाही मंजुरी दिली. इराकमधूनच विरोध झाल्याने ते सैन्य गेले नाही. म्हणजे कुलूप असले तरी राखणदाराला रोज जागे राहावे लागते.

माद्रिद: मतपेटीपर्यंतची वाट

स्पेनमध्ये तर विरोध ९० टक्क्यांच्या आसपास होता. तरी पंतप्रधान अस्नार १६ मार्चला अझोर्स बेटांवर बुश आणि ब्लेअर यांच्या शेजारी उभे राहिले. संसदेत त्यांच्या पक्षाकडे ३५० पैकी १८३ जागा होत्या. त्यांना कुणाला विचारायची गरज नव्हती. पुढे ऑगस्टपासून सुमारे १,३०० स्पॅनिश सैनिक इराकमध्ये तैनात झाले. एवढा विरोध असूनही मे २००३ च्या स्थानिक निवडणुकांत सत्ताधारी पक्षाची पडझड झाली नाही. गटार, रस्ता, पाणी यांच्या नावाने मत देताना लोकांनी युद्ध बाजूला ठेवले.

११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. १९० हून अधिक माणसे मेली. त्यात सकाळी कामावर निघालेले मजूर, विद्यार्थी आणि परदेशातून पोटासाठी आलेले कितीतरी लोक होते. सरकारने ठपका लगेच बास्क फुटीरतावाद्यांच्या संघटनेवर ठेवला. पुरावे मात्र जिहादी गटाकडे बोट दाखवू लागले. तीन दिवसांनी मतदान होते. आपल्याशी खोटे बोलले जात आहे, या भावनेने लोक मतदान केंद्रांवर गेले. समाजवादी पक्षाला १६४ जागा मिळाल्या, सत्ताधाऱ्यांना १४८. दहशतवाद्यांना घाबरून स्पेनने सैन्य मागे घेतले, असे आजही सांगितले जाते. पण सैन्य मागे घेण्याचे वचन झापातेरो यांनी स्फोटांच्या कितीतरी आधी दिले होते. एप्रिलमध्ये त्यांनी आदेश दिला, मे संपायच्या आत सैनिक घरी आले.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट त्यानंतरची वाटते. २००५ साली स्पेनने राष्ट्रीय संरक्षणाचा नवा कायदा केला. देशाच्या थेट संरक्षणाशी संबंध नसलेल्या परदेशी मोहिमेवर सैन्य पाठवायचे तर लोकप्रतिनिधीगृहाची आगाऊ मंजुरी घ्यावी लागेल, असे त्यात लिहिले. रस्त्यावरचे 'नाही' कायद्याच्या पुस्तकात गेले. ब्रिटनमध्येही इराकच्या धड्याने एक प्रथा पडली. २०१३ साली सीरियावरच्या हल्ल्याचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी पार्लमेंटने फेटाळला आणि सरकारने ते मानले. पण ती नुसती प्रथा होती. २०१८ साली दुसऱ्या पंतप्रधान आल्या आणि त्यांनी मतदान न घेताच सीरियावर क्षेपणास्त्रे सोडली. प्रथा मोडायला पाच वर्षे पुरली.

लोकमत, पण कुणाचे?

इथे कुणी म्हणेल, मग आपण सरसकट युद्धविरोधी व्हायचे का? बाबासाहेब तसे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात काँग्रेस सरकारांतून बाहेर पडली तेव्हा बाबासाहेबांनी दोस्त राष्ट्रांच्या बाजूने उभे राहण्याची भूमिका घेतली. जुलै १९४१ मध्ये ते राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर गेले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यामागे त्यांचा पाठपुरावा होता. नाझींचा वंशश्रेष्ठत्वाचा विचार जिंकला तर जगातला प्रत्येक दलित आणखी खोल गाडला जाईल, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. म्हणजे युद्ध तोलायचा त्यांचा काटा वेगळा होता: या युद्धाने तळातल्या माणसाच्या गळ्यातली साखळी तुटणार की घट्ट होणार?

तो काटा इराकला लावून पाहिला की प्रश्न अवघड होतो. सद्दामच्या फौजांनी १६ मार्च १९८८ रोजी हलबजा या कुर्दी गावावर विषारी वायू सोडून सुमारे ५,००० माणसे मारली होती. इराकमधल्या अनेक कुर्दांना सद्दाम जायला हवा होता, मग तो कुणीही घालवो. दुसरीकडे तुर्कस्तानातल्या त्या ठरावात तुर्की फौजांनी उत्तर इराकमध्ये शिरण्याचीही तरतूद होती. म्हणजे ठराव मंजूर झाला असता तर तिथल्या कुर्दांच्या दारात नवी फौज उभी राहिली असती. लंडन, माद्रिद, अंकारा, सगळीकडे लोकमत मोजले गेले. ज्यांच्या डोक्यावर युद्ध कोसळणार होते त्या इराकी अरबांना आणि कुर्दांना मात्र कुणी विचारले नाही. बहुसंख्याकांचा आकडा म्हणजे लोकमत नव्हे, हे बाबासाहेब आपल्याला आयुष्यभर सांगत राहिले. अन्याय ज्याच्यावर होतो त्याचा आवाज मोजणीत नसेल तर ती मोजणीच अपुरी आहे. युद्धविरोधी मोर्चालाही हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दिल्ली: आपल्याकडे कुलूप कुठे आहे?

इराकची माती आपल्या लोकांना नवी नाही. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसऱ्याला उतरलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेचे नावच होते सहावी पूना डिव्हिजन. एप्रिल १९१६ मध्ये कुतला या डिव्हिजनने शरणागती पत्करली. सुमारे १३,००० शिपाई आणि नोकर कैद झाले. त्यातले कितीतरी परतलेच नाहीत. त्यांच्या गावांना, घरांना कुणी विचारले होते? आणि ज्यांची भरती इंग्रजांनी बंद करून टाकली होती त्या महारांची गरज युद्धात पुन्हा भासली, तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि काम संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. भरतीही त्यांच्या मर्जीने, बरखास्तीही त्यांच्या मर्जीने.

२००३ साली अमेरिकेने भारताकडेही इराकसाठी सुमारे १७,००० सैनिक मागितले. एप्रिलमध्ये आपल्या संसदेने या युद्धाची 'निंदा' करणारा ठराव केला होता. विरोधी पक्ष विरोधात होते, लोकांतही नाराजी होती. १४ जुलैला वाजपेयी सरकारच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने नकार दिला. निर्णय योग्यच होता. पण तो घेतला मूठभर मंत्र्यांनी. त्याच मूठभर मंत्र्यांनी होकार दिला असता तर त्यांना अडवणारे कुठले कलम आपल्याकडे होते? नव्हते. आजही नाही. १९८७ साली श्रीलंकेत शांतिसेना गेली ती संसदेची आगाऊ मंजुरी न घेता. तिथे सुमारे १,२०० भारतीय जवान मेले. हे जवान कुठल्या घरांतले असतात, ते तुमच्या-माझ्या गावात जाऊन पाहा.

त्यातही दुसरी अडचण. समजा मतदान घेतलेच. १९८५ च्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या खासदाराचे पद जाऊ शकते. अंकाऱ्यातल्या शंभर जणांनी किंवा लंडनच्या १३९ जणांनी जे केले ते दिल्लीत करायचे तर खुर्ची पणाला लावावी लागेल. राखीव मतदारसंघातून निवडून गेलेला आपला माणूस आपल्या प्रश्नावर गप्प का बसतो, या जुन्या दुखण्याचीही एक मुळी इथेच आहे.

त्या कार्यकर्त्याला उत्तर

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की घटनात्मक मार्ग खुले असताना बाकीचे मार्ग सोडून दिले पाहिजेत. या वाक्याचा आधार घेऊन काही लोक आपल्याला मोर्चेच काढू नका म्हणतात. ते चूक आहे. शांततेने जमणे, बोलणे, मागणे हाही घटनेनेच दिलेला हक्क आहे. पण घटनात्मक मार्ग खुले आहेत, हे गृहीत धरून भागत नाही. ते तपासावे लागतात, आणि नसतील तर बांधून घ्यावे लागतात.

म्हणून मित्रा, तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. मोर्चाने विवेक जागा होतो, आणि तो जागा झाल्याशिवाय पुढचे काहीच होत नाही. पण तेवढ्यावर थांबलास तर लंडन होते. पुढच्या वेळी निवेदन लिहिताना एक ओळ वाढव: आमची मागणी कुठल्या सभेत, कुठल्या नियमाखाली, किती मतांनी मंजूर किंवा नामंजूर होणार आहे? अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी वळवू नका, अशी मागणी आपण वर्षानुवर्षे करतो. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकातल्या चळवळींनी २०१३ साली त्यासाठी कायदाच करून घेतला. त्यानंतरही तिथे भांडावे लागते, पण भांडायला हातात कलम असते. युद्धाचेही तसेच. संसदेच्या आगाऊ मंजुरीशिवाय आपला एकही जवान परक्या युद्धात जाणार नाही आणि त्या मतदानाला पक्षादेश लागू होणार नाही, अशी मागणी आंबेडकरी चळवळीने आजच, शांततेच्या काळात करायला हवी. तोफा धडाडू लागल्यावर ३८ चे ५४ व्हायला आठवडासुद्धा लागत नाही.

जय भीम!